गुन्हा घडला त्या दिवशी वय किती होतं?

मागच्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर होती, अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर कायदा काय करतो. कुणी मुलाची आई, कुणी ज्याचा माणूस गेला तो भाऊ, कुणी शिक्षक. मी गेली बरीच वर्षं बाल न्याय मंडळापुढे उभी राहते, दोन्ही बाजूंनी राहिलेय, त्यामुळे या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. पत्रं थोडक्यात छापलीत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. ते का काढावं लागतं ते शेवटच्या उत्तरात कळेलच.

प्रश्न : वकीलताई, माझा मुलगा 16 वर्षं 8 महिन्यांचा आहे, अकरावी सायन्सला. गावच्या जत्रेत मोबाइल चोरले म्हणून त्याला दोन मोठ्या मुलांबरोबर शनिवारी संध्याकाळी पोलिसांनी उचललं. ती दोघं 19 आणि 22 ची. रात्रभर स्टेशनच्या बाकावर बसवून ठेवला, कसल्यातरी कागदावर सही घेतली, आम्हाला सोमवारी कोर्टात या म्हणाले. आता जामीन झालाय. पण त्याला जेल होईल का? आणि त्याला पोलिस भरती करायची होती हो, ते संपलं का सगळं? (एक आई, सांगली जिल्हा)

ताई, आधी एक दीर्घ श्वास घ्या. जेल होणार नाही. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवताच येत नाही, एका रात्रीसाठी पण नाही. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा आहे, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015, तो 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्यात तुमच्या मुलाला 'आरोपी' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द अवघड आहे पण मुद्दाम निवडलाय, मुलावर शिक्का बसू नये म्हणून, आणि गुन्हा घडला त्या तारखेला ज्याची अठरा वर्षं पूर्ण नव्हती तो बालक, एवढी साधी व्याख्या आहे. उद्या चौकशी चालू असताना तो अठराचा झाला तरी फरक पडत नाही, त्या दिवशीचं वय धरतात.

तुमच्या बाबतीत जे घडलं त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकल्यात. मुलाला ताब्यात घेतल्यावर त्याला बाल कल्याण पोलिस अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलिस पथकाच्या हवाली करायचं असतं, आईवडिलांना लगेच कळवायचं असतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मंडळापुढे न्यायचं असतं. रविवार होता म्हणून सोमवारी आणलं ही सबब चालत नाही, मंडळाची बैठक नसेल तर मंडळाच्या कुठल्याही एका सदस्यापुढे मुलाला हजर करता येतं, कायद्यात तशी सोयच करून ठेवलीय. आणि ती सही! मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही असं नियम स्पष्ट सांगतात. बेड्या घालायच्या नाहीत, पोलिसांनी शक्यतो साध्या कपड्यात बोलायचं. हे सगळं वकिलामार्फत लेखी मंडळापुढे मांडा, घाबरू नका. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, अर्ज एका पानाचा असतो.

आता पुढे काय. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यात एक तरी बाई हवीच. तिथे पिंजरा नसतो, उंच चौथरा नसतो, टेबलाच्या पलीकडे माणसं बसलेली असतात आणि मुलाशी बोलतात. एक परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तुमच्या घरी येईल, शाळा, मित्र, घरची परिस्थिती सगळं विचारेल. त्याच्यापासून काही लपवू नका, त्याचा अहवाल खूप महत्त्वाचा असतो, मी तर म्हणेन निम्मी केस त्या अहवालावर उभी असते. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा असल्यामुळे हा 'किरकोळ' गुन्ह्यात बसतो, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिने वाढवून, पूर्ण झाली नाही तर प्रकरण आपोआप संपतं. दोष सिद्ध झाला तरी अशा प्रकरणात सहसा समज देऊन सोडतात, समुपदेशन लावतात किंवा काही तास समाजसेवा. त्या दोन मोठ्यांचा खटला नेहमीच्या कोर्टात वेगळा चालेल, मुलाचा आणि त्यांचा एकत्र चालवता येत नाही. आणि मोठ्यांनी मुलाला पुढे करून हे करवून घेतलं असेल तर तो त्यांच्यावर वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. तुमच्या मुलाला शांतपणे बसवून विचारा, जत्रेत जायची कल्पना कुणाची होती, मोबाइल कुणाच्या खिशात गेले.

भरतीचं बोलायचं तर हा कायदा म्हणतो की बालपणी घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता येणार नाही, मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं, आणि संपलेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी सुद्धा द्यायची नाही. 2019 मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) भरतीतल्या एका मुलाला याच कारणावरून अडवलं होतं तेव्हा सुप्रीम कोर्टाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. तरी भरतीचा फॉर्म भरताना मंडळाचा अंतिम आदेश जवळ ठेवा आणि गुन्ह्यांविषयीच्या रकान्यात काय लिहायचं ते वकिलाला विचारूनच लिहा, कारण माणसं गुन्ह्यापेक्षा 'माहिती लपवली' या मुद्द्यावर जास्त अडकतात.

प्रश्न : पुण्यात दोन जीव घेणाऱ्या मुलाला 300 शब्दांचा निबंध, आणि आमच्या वस्तीतला पोरगा मोबाइलसाठी महिना महिना रिमांड होममध्ये. कायदा श्रीमंतांसाठी वेगळा आहे का? (निवृत्त शिक्षक, पुणे)

सर, तुमचा राग मला कळतो आणि त्यातला दुसरा भाग तर अगदी खरा आहे. पण पहिल्या भागात एक गैरसमज आहे, तो काढते. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, गाडी चालवणारा मुलगा 17 वर्षांचा, आणि त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती, त्याबरोबर वाहतुकीचे नियम शिकणं, समुपदेशन, व्यसनमुक्तीचे उपचार अशाही अटी होत्या. या कायद्यात मुलाला जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायचा तर तीनच कारणं : तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या शरीरमनाला किंवा वळणाला धोका आहे, किंवा सुटल्याने न्यायाचा हेतूच हरेल. म्हणजे जामीन देणं बेकायदा नव्हतं, पण दोन तरण्या मुलांचे मृतदेह अजून घरी पोचले नसताना 'निबंध लिही' म्हणणं हे मला आजही पटत नाही, अट निवडताना थोडं तरी भान हवं होतं. पुढे लोक रस्त्यावर आले, मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या रिमांड होममध्ये, पाठवलं, आणि 25 जून 2024 ला मुंबई हायकोर्टाने ते पाठवणं बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. जुलै 2025 मध्ये त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

प्रौढासारखा खटला फक्त 'निर्घृण' गुन्ह्यातच चालवता येतो, आणि लोकांना वाटतं एवढं मोठं घडलं म्हणजे 'निर्घृण' गुन्हा. कायद्यात तसं नाहीये, तिथे मोजमाप शिक्षेवरून आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर किरकोळ, त्याच्या वर गंभीर, आणि ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा ठरवून दिलीय तोच निर्घृण. सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते पण 'कमीत कमी सात वर्षं' असं तिथे लिहिलेलं नाही, म्हणून तो गंभीर गटात जातो. दिल्लीत 2016 ला असाच गाडीने माणूस मेल्याचं प्रकरण झालं होतं, मुलगा सोळाच्या वरचा, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं, की आम्हाला कायद्यात शब्द घालता येत नाहीत, ते काम संसदेचं. 2021 मध्ये संसदेने दुरुस्ती केली तीसुद्धा असे गुन्हे गंभीरच धरायचे अशी.

तुमच्या वस्तीतल्या पोराविषयी मात्र मला जास्त बोलायचंय. त्याला जामीन नाकारलेला नसतो सर, बहुतेक वेळा त्याला घ्यायलाच कुणी येत नाही. आई धुण्याभांड्याला, बाप ट्रकवर, कागदपत्रं नाहीत, आणि मंडळ विचारतं की ताबा कुणाला द्यायचा. मी एका मुलाला केवळ आईचं आधार कार्ड सापडेना म्हणून अकरा दिवस आत बसलेला बघितलाय. अशा पोराच्या मागे शेजारचा एखादा शिक्षक उभा राहिला, मी याच्याकडे लक्ष ठेवतो असं मंडळाला येऊन म्हणाला, तर चित्र बदलतं. तुम्ही निवृत्त आहात, विचार करा.

प्रश्न : चौदा वर्षांची मुलगी स्कूटीवरून क्लासला जाते, जवळच आहे, चालेल ना? (पालक, लातूर)

नाही. मुलीने काही केलं तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक आणि गाडीमालक दोषी धरले जातात, तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन नाही. सायकल घेऊन द्या.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तिघांनी कोयत्याने मारलं. त्यातला एक 17 वर्षं 2 महिन्यांचा आहे, आणि वार त्यानेच केले असं बघणारे सांगतात. पोलिस म्हणतात तीन वर्षांत सुटेल. माझा भाऊ 22 चा होता. आम्ही काय करायचं? (नाव दिलेलं नाही)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सांत्वनाला शब्द नाहीत माझ्याकडे, जे माहीत आहे ते नीट सांगते.

'तीन वर्षांत सुटेल' हे अर्धंच खरं आहे. 2012 च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या (निर्भया) घटनेत एक जण अठराला काही महिने कमी होता, तेव्हाच्या कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात (मुलांच्या सुधारगृहात) ठेवता आलं आणि डिसेंबर 2015 ला तो बाहेर पडला. त्याच आठवड्यात, 22 डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. खरंतर त्या घटनेनंतर कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने अठराचं वय खाली आणू नका असंच सांगितलं होतं. वय अठराच राहिलं, पण सोळा ते अठरामधल्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर एक वेगळा दरवाजा उघडला. खुनाला कमीत कमी जन्मठेप आहे, म्हणजे तुमचं प्रकरण त्या दरवाज्यापाशी नक्की येतं.

तिथे काय होतं ते समजून घ्या कारण तुम्हाला तिथेच जागं राहायचंय. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं असतं. ते गुन्हा केला की नाही यासाठी नसतं. हे कृत्य करण्याची शारीरिक मानसिक क्षमता मुलात होती का, परिणाम काय होतील ते त्याला कळत होतं का, आणि कुठल्या परिस्थितीत ते घडलं, एवढंच बघतात. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरून घ्यायलाच हवा. मंडळाला वाटलं की प्रौढ म्हणून खटला चालावा तर प्रकरण बाल न्यायालयात जातं, आणि ते न्यायालय स्वतः परत एकदा तोच विचार करतं. तिथे दोषी ठरला तरी फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. एकवीस पूर्ण होईपर्यंत त्याला 'सुरक्षित स्थान' म्हणतात तिथे, जेलपासून वेगळं ठेवतात, मग तो खरंच बदलला का हे बघतात, बदलला असेल तर देखरेखीखाली सोडतात नाहीतर उरलेली शिक्षा भोगायला जेलमध्ये पाठवतात. मंडळाने प्रौढ म्हणून पाठवायला नकार दिला तर तीस दिवसांत सेशन्स कोर्टात अपील करता येतं. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी वकिलांना भेटा, तुमचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो. आईवडील भावाच्या कमाईवर असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज आजच करा, खटल्याच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.

आणि अजून एक सांगते, रागावू नका. बाकीचे दोघे प्रौढ आहेत. कोयता कुणी आणून दिला, मुलाला कुणी पुढे घातलं, याचा तपास पोलिसांनी केलाय का ते विचारा. 'तू अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही' हे वाक्य मुलांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि दर वेळी ते त्यांना शिकवणारा कुणीतरी पंचवीस तीस वर्षांचा निघाला. त्या माणसाला पूर्ण कायदा लागू आहे.

प्रश्न : आमच्या भावाचा जन्म दिवाळीचा, पण शाळेत गुरुजींनी 1 जून लावला. त्या हिशोबाने गुन्ह्याच्या दिवशी तो अठरा वर्षं दोन महिन्यांचा, खऱ्या हिशोबाने अठराला तीन महिने कमी. कोर्ट काय धरेल? (बीड)

1 जून! महाराष्ट्रात एका दिवशी एवढी माणसं जन्मली कशी असं परराज्यातले लोक विचारतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसवायचं म्हणून गुरुजी तारीख टाकून द्यायचे, तेव्हा कुणाला माहीत होतं की याच तारखेवर पुढे एखाद्याचं आयुष्य टांगलं जाणार आहे.

कायद्यातला क्रम तुमच्या विरुद्ध आहे, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. पण म्हणून हातपाय गाळू नका. शाळेच्या नोंदीला आधार काय होता हे विचारता येतं. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख आणि जन्माच्या वेळी ग्रामपंचायतीत झालेली नोंद यात कुठली विश्वासार्ह हे कोर्टाला बघावं लागतं, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच पुरावा असेल तर कौल मुलाच्या बाजूने द्यावा असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. जन्मनोंदीची नक्कल काढा, दवाखान्याचं रजिस्टर, लसीचं कार्ड, अंगणवाडीची वही, मोठ्या भावंडांच्या तारखा, सगळं गोळा करा. मात्र नोंद त्या काळातली हवी, आत्ता उशिरा करून घेतलेला दाखला उलट अंगाशी येतो.

वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, निकाल लागून गेल्यावर सुद्धा. हे कळायला पुण्याचंच एक प्रकरण बघा. 1994 मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला, त्यातल्या एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये ती कायम केली. खूप वर्षांनी राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद पुढे आली, चौकशी झाली, आणि मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की घटनेच्या दिवशी तो 12 वर्षं 6 महिन्यांचा होता. ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं तो 28 वर्षांहून जास्त काळ जेलमध्ये होता, त्यातला बराचसा फाशीच्या छायेत. त्या घरातल्या सात जणांचं दुःख याने तसूभरही कमी होत नाही हे मला माहीत आहे. पण पहिल्या दिवशी कुणीतरी शाळेत चौकशीचं एक पत्र पाठवलं असतं तर, हे डोक्यातून जात नाही. तुमचा अर्ज आत्ताच द्या, थांबू नका.

प्रश्न : आठवीतला एक विद्यार्थी निरीक्षणगृहातून परत आलाय. पालकांनी त्याचं नाव आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आता त्याला काढून टाका म्हणून मागे लागलेत. (मुख्याध्यापक, नाशिक जिल्हा)

सर, तो फोटो आज संध्याकाळपर्यंत काढायला लावा. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्याने तो ओळखू येईल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कायद्यात पेपर टीव्हीबरोबर 'इतर कुठलंही संपर्काचं साधन' असं लिहिलंय त्यामुळे ग्रुप खासगी आहे वगैरे चालणार नाही. ग्रुपवर शाळेच्या नावाने तसं लिहा, पण मुलाचा उल्लेख न करता. काढून टाकायचं म्हणाल तर आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा आड येतो.

पालकांची सभा घेणार असाल तर त्या मुलाला आणि त्याच्या आईला त्या दिवशी बोलवू नका. वर्गात त्याची जुनी जागा त्याला परत द्या, एकट्याला पहिल्या बाकावर बसवू नका, मुलं ते बरोबर ओळखतात. आणि पुढे कधी तो दाखला मागायला आला तर शेऱ्याच्या रकान्यात या प्रकरणाचं एक अक्षरही लिहू नका, हजेरीत पडलेल्या खंडाचं कारणसुद्धा नको.